‘कच्चं’ म्हणजे नेमकं काय? ऑनलाइन कथा टाकण्याआधी लावायच्या कसोट्या

प्रश्न असा आहे: “गेली तीन वर्षं मी ऑनलाइन कथा लिहिते आहे. एक मालिका चाळीस भागांची झाली. वाचनसंख्या चांगली आहे, पाचपैकी साडेचारच्या वर तारे आहेत. धीर करून तीन कथा दिवाळी अंकांना पाठवल्या, तिन्ही परत आल्या. एका संपादकांनी ‘लेखन अजून कच्चं आहे’ एवढंच कळवलं. कच्चं म्हणजे नेमकं काय? कथा टाकण्याआधी मी कोणत्या कसोट्या लावाव्यात? आणि जुने भाग काढून टाकावेत का?” सोबत त्यांनी मालिकेचे पहिले सोळा भाग वाचायला दिले आहेत आणि त्यातले उतारे इथे वापरायची परवानगीही दिली आहे.

तुमचे सोळाही भाग मी दोनदा वाचले. एकदा फोनवर, जसे तुमचे वाचक वाचतात तसे. दुसऱ्यांदा कागदावर छापून, हातात पेन्सिल घेऊन. वीसेक वर्षं दिवाळी अंकांसाठी कथा वाचण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम केल्यामुळे कागदाशिवाय मला मजकूर नीट दिसत नाही.

आधी हे सांगते की तुमच्याकडे गोष्ट आहे. लग्न होऊन नाशिकला आलेली वैशाली, सहा वर्षं न बोललेला, वऱ्हाडातल्या अचलपूरचा दादा, आणि जमिनीतला हिस्सा तिने सोडावा म्हणून त्याला हवी असलेली तिची एक सही. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या हजारो घरांत घडते आणि तिच्याबद्दल मोठ्याने फारसं कुणी बोलत नाही. तुम्ही ती निवडलीत, याचं मला खरंच कौतुक वाटतं. ‘कच्चं’ हा शब्द गोष्टीला उद्देशून नाही. गोष्ट आणि वाचक यांच्यामध्ये तुम्ही जे तयार शब्द उभे केले आहेत, त्यांना उद्देशून आहे.

ताऱ्यांचं आधी सांगून टाकते. तुमच्या प्रतिक्रियांमध्ये सगळ्यांत जास्त वेळा आलेलं वाक्य आहे, “पुढचा भाग लवकर टाका.” ते वाचून आनंद होणं साहजिक आहे, पण त्यातून फक्त उत्सुकता मोजली जाते. वाचकाला पुढे काय होणार हे कळायला हवं आहे, एवढंच ते वाक्य सांगतं. भाग कसा लिहिला आहे याबद्दल त्यात काहीच नाही. सोळा भागांखालच्या प्रतिक्रियांत मला दोनच अशा सापडल्या ज्यांनी मी थांबले. एका बाईंनी लिहिलंय, “वैशाली डब्यात दोन पोळ्या जास्त ठेवते ते वाचून माझी आई आठवली.” दुसऱ्या वाचकाने विचारलंय, “दादाचं लग्न झालंय की नाही?” पहिली प्रतिक्रिया तुमचं काय जमलंय ते सांगते, दुसरी काय राहून गेलंय ते. अशा प्रतिक्रिया वहीत उतरवून ठेवत जा. तारे मोजण्याची गरज नाही.

आता भाग 6 मधला हा उतारा पाहा. मालिकेतला सगळ्यांत महत्त्वाचा क्षण आहे हा:

“अचानक दारावर टकटक झाली. वैशालीच्या काळजाचा ठोका चुकला. थरथरत्या हातांनी तिने दार उघडले. समोर दादा उभा होता. तिच्या पायाखालची जमीन सरकली. डोळ्यांत अश्रू तरळले. सहा वर्षांचा काळ तिच्या डोळ्यांसमोरून झर्रकन सरकला.”

सात वाक्यं. त्यांतली नवी माहिती दोनच ठिकाणी आहे: दादा आला, आणि सहा वर्षांनी आला. बाकी पाच वाक्यं तुमच्याआधी हजारो जणांनी वापरलेली आहेत, त्यामुळे वाचकाचा डोळा त्यांवरून घसरतो, थांबत नाही. ठोका कुणाचाही चुकतो, जमीन कुणाचीही सरकते. यात वैशाली कुठे आहे?

शिवाय एक चूक आहे जी तयार शब्दांमुळेच झाली. वैशालीचे हात दार उघडण्याआधीच थरथरताहेत. बाहेर कोण आहे हे तिला अजून माहीतच नाही. दूधवाला असेल, शेजारची पोरगी असेल. दादा येणार आहे हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुमचा हात थरथरला आणि तो तुम्ही तिला दिलात. तयार वाक्प्रचार हाताशी असला की माणूस प्रसंग बघायचं सोडतो. मी कच्चेपणा म्हणते तो हाच: लेखिकेने प्रसंग पाहण्याआधी लिहून टाकलेला असतो.

मी हा प्रसंग असा लिहून पाहिला. तुम्ही असाच लिहावा असं नाही, फक्त पाहण्याची पद्धत कळावी म्हणून देते:

“वैशालीने कोपराने कडी काढली. हात कणकेत होते. दारात दादा. एक चप्पल काढलेली, दुसरी पायातच, आणि हातात कापड दुकानाची पिशवी, संत्र्यांनी गच्च भरलेली. सहा वर्षांत त्याने मिशी काढून टाकली होती.

‘मले बसाचं नाही,’ तो म्हणाला. ‘गाडी आहे चारची.’

‘भाऊबीजेले आला अन् बसाचं नाही?’

आपण ‘भाऊबीजेले’ म्हणालो, हे तिला बोलून झाल्यावर कळलं.”

यात कुणी रडत नाही. पण आपलं इथे स्वागत होईल की नाही हे दादाला ठाऊक नाही, ते त्या एका चपलेत आहे. मधली वर्षं मिशीत आहेत. आणि वैशाली सासरच्या भाषेतून माहेरच्या भाषेत कधी गेली ते तिचं तिलाच कळलेलं नाही. मला यासाठी कोणतीही प्रतिभा लागली नाही. मी एवढंच विचारलं: दुपारी एकट्या असलेल्या बाईचे हात कशात असतील? अचलपूरहून येणारा माणूस कार्तिकात काय घेऊन येईल? आंबिया बहाराची संत्री त्याच सुमाराला येतात. तुमच्या भाग 11 मध्ये मात्र दादाच्या घरामागे ‘हिरवीगार भातखाचरं’ आहेत. भात भंडारा-गोंदियाकडचा. अचलपूरला कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्र्यांच्या बागा. तिथला एकही वाचक ते वाक्य वाचून पुढच्या वाक्यावर विश्वास ठेवणार नाही.

माझ्या उताऱ्यात भाऊबीज कुठून आली, असं तुम्हाला वाटलं असेल. ती तुमच्याच मालिकेत आहे, तुमच्या लक्षात आलेली नाही. भाग 5 मध्ये लक्ष्मीपूजन आहे. भाग 6 ची सुरुवात ‘दोन दिवसांनी’ या शब्दांनी होते. लक्ष्मीपूजनानंतर पाडवा, त्यानंतर भाऊबीज. तुमची कथा 2018 सालात घडते. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 7 नोव्हेंबरला होतं, म्हणजे दादा 9 तारखेला आला, ऐन भाऊबीजेला. सहा वर्षं न आलेला भाऊ भाऊबीजेच्या दिवशी बहिणीच्या दारात उभा आहे, आणि अख्ख्या भागात ओवाळणीचं ताम्हण नाही! मराठी वाचकाला हे जाणवतंच. त्याला नेमकं बोट ठेवता येणार नाही कदाचित, पण काहीतरी खोटं आहे हे कळेल. आणि तुम्हाला तर किती मोठी गोष्ट फुकट मिळते आहे पाहा. तिने त्याला ओवाळायचं की नाही? ओवाळलं तर तो ताटात काय टाकेल? ज्याला बहिणीचा हिस्सा लिहून घ्यायचा आहे, त्याने ओवाळणीत पाचशेची नोट टाकली, तर त्या नोटेकडे ती कशी पाहील?

त्याच भाग 5 मध्ये वैशाली लक्ष्मीपूजनाच्या रात्री गच्चीवर जाते आणि ‘पूर्ण चंद्राच्या शीतल प्रकाशात’ माहेर आठवते. लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला असतं. त्या रात्री चंद्र नसतो, म्हणून तर दिव्यांचं महत्त्व. छापील अंकात असा चंद्र मुद्रितशोधकाच्या नजरेतून क्वचितच सुटला असता. ऑनलाइन लिहिताना तुमच्या आणि वाचकाच्या मध्ये असं कुणी नाही. मायबोलीसारखी संकेतस्थळं 1996 पासून आणि प्रतिलिपीसारखी व्यासपीठं 2014 पासून आली, आणि कुणाच्या शिफारशीशिवाय लिहायची सोय झाली. जी बाई पूर्वी कधीच छापून आली नसती ती आज हजारो लोकांपर्यंत पोचते. ही फार चांगली गोष्ट घडली असं मी मनापासून मानते. फक्त संपादकाचं आणि मुद्रितशोधकाचं काम कुठे नाहीसं झालेलं नाही. ते आता लेखकाच्या अंगावर आलं आहे.

आता त्या सहीबद्दल, कारण तुमची सगळी मालिका तिच्यावर उभी आहे. भाग 9 मध्ये दादा स्वयंपाकघरात बसून वैशालीची ‘कोऱ्या कागदावर सही’ घेतो आणि तिचा जमिनीतला हक्क जातो. तुम्हाला इथे मोठा धक्का द्यायचा होता. पण असं होत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे, आणि वडिलांच्या मागे वारसनोंद झाली की तिचं नाव सातबाऱ्यावर चढतं. ते उतरवायचं तर हक्कसोडपत्र करावं लागतं, आणि स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं. त्याला दोन साक्षीदार हवेत. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात स्वतः जावं लागतं, तिथे फोटो निघतो, अंगठ्याचा ठसा घेतला जातो. आणि 2018 साली हे कुठे होणार? जमीन ज्या भागात त्या भागाच्या कार्यालयात. म्हणजे वैशालीला अचलपूरला जावं लागेल, नाहीतर कुणाला तरी कुलमुखत्यारपत्र लिहून द्यावं लागेल.

हे वाचून तुमचा भाग 9 कोसळला असं वाटेल. तसं नाही. तुमच्या हाती आता कोऱ्या कागदापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट आली आहे. दादाला नुसती सही नको आहे, त्याला बहिणीला घरी न्यायचं आहे. सहा वर्षांनी ती माहेरी जाणार ती हक्क सोडायला. प्रवासाचं तिकीट तो काढणार. वहिनी कदाचित तिच्या आवडीचं काहीतरी करून वाढेल, आणि ते का केलंय हे जेवणाऱ्या सगळ्यांना माहीत असेल. मग सकाळी कार्यालयाबाहेरच्या बाकावर बहीण-भाऊ शेजारी शेजारी बसतील, नंबर यायची वाट बघत. कारकून विचारेल, “राजीखुशीने करताय ना?” आणि ती त्या यंत्रावर अंगठा ठेवेल. ठसा नीट उमटला नाही, पुन्हा ठेवा, असं तो म्हणेल. रोज कणीक मळणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायकांचे ठसे कित्येकदा पहिल्यांदा उमटत नाहीत. मी स्वतः एका अशाच बाकावर तीन तास बसलेली आहे. तिथे फसवणूक कुणी करत नाही. सगळे प्रेमाने वागतात. म्हणूनच ते सोसवत नाही.

खरी माहिती गोष्टीला आखडून टाकते असा बऱ्याच नव्या लेखकांचा समज असतो. माझा अनुभव उलटा आहे. जिथे तुम्ही माहिती टाळून धक्का दिलात, तिथेच गोष्ट लहान झाली. तुमच्या भाग 15 मध्ये पोलीस ‘कलम 103’ म्हणतात, तेही असंच पुन्हा पाहून घ्या. खुनाला 103 हा आकडा भारतीय न्याय संहितेचा, आणि ती 1 जुलै 2024 पासून लागू झाली. 2018 सालचा हवालदार 302 च म्हणेल. एका तलाठ्याला, एका वकिलाला, एका परिचारिकेला फोन करून दहा मिनिटं विचारलं तर लोक आनंदाने सांगतात. लेखिका विचारते आहे म्हटल्यावर तर जास्तच सांगतात.

दादाची भाषा हा माझा दुसरा मोठा आक्षेप आहे. तुमचा दादा ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘म्या’ असं बोलतो. ही पश्चिम महाराष्ट्राकडची वळणं आहेत, आणि सिनेमा-नाटकांतून तीच सरसकट ‘गावाकडची भाषा’ म्हणून सगळीकडे पसरली. अचलपूरचा माणूस वऱ्हाडी बोलेल. त्याच्या तोंडी ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘येऊन राह्यलो’ येईल. तोच माणूस मालवणचा असता तर ‘माका’, ‘तुका’ म्हणाला असता. कोल्हापूरची वैशाली असती तर ती बाई असूनही सहज ‘मी आलो’ म्हणाली असती. बोली म्हणजे शब्दांवर शिंपडायचा मसाला नाही. ती येत नसेल तर दादाला साध्या मराठीत बोलू द्या, वाचक ते मान्य करतो. चुकीची बोली मात्र मान्य करत नाही, कारण त्यात तुम्ही त्याच्या आईच्या बोलण्याला हात घातलेला असतो. वऱ्हाडी येणाऱ्या एका माणसाकडून दादाची सगळी वाक्यं मोठ्याने वाचून घ्या. तो जिथे अडखळेल तिथे तुम्ही चुकला आहात.

एक गोष्ट याहून बारीक. तुमच्या काही वाक्यांखाली दुसरीच भाषा आहे. ‘तिने डोळे फिरवले’ असं तुम्ही वैतागाने बघण्यासाठी लिहिता. मराठीत डोळे फिरतात ते माणूस बेशुद्ध पडताना, किंवा पैसा आल्यावर. ‘पोटात फुलपाखरं उडाली’ हेही आपल्याकडचं नाही. वैशालीची आजी हे कसं म्हणाली असती, असं स्वतःला विचारा. ‘जीव नुसता वर-खाली होत होता’ म्हणाली असती. भाषांतरित आणि भाषांतरासारख्या मालिका सतत वाचल्या की ही वाक्यं आपोआप हातात येतात. त्यावर उपाय म्हणजे घरातल्या साठीपुढच्या बायका काय बोलतात ते ऐकणं. मी आजही ऐकते.

शुद्धलेखनाबद्दल मी मुद्दामच इतक्या उशिरा बोलते आहे, कारण बहुतेक जण दर्जा म्हटलं की तिथूनच सुरू करतात आणि तिथेच संपवतात. मराठी साहित्य महामंडळाचे नियम अठराच आहेत, 1962 चे चौदा आणि 1972 मध्ये वाढवलेले चार. एका रविवारी वाचून होतात. तुमच्या चुका नेहमीच्याच आहेत. ‘आणी’ नाही, ‘आणि’. शेवटचा इकार-उकार दीर्घ या नियमाला जे मोजके अपवाद आहेत त्यांत तो शब्द आहे. ‘वकील’ पण ‘वकिलाला’, ‘सून’ पण ‘सुनेला’, हा बदल तुम्ही विसरता. ‘दु:ख’ लिहिताना तुम्ही विसर्गाच्या जागी कोलन टाकता. फोनवर ते सारखंच दिसतं, पण शोधायला गेलं की तो शब्द सापडत नाही. ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’ लिहिलंय, त्यामुळे मेळघाटात एकदम समुद्र आला आहे. पूर्णविरामाच्या आधी जागा सोडू नका, कारण अरुंद पडद्यावर तो टिंब पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो. आणि उद्गारचिन्हांच्या रांगा काढून टाका. वाक्यात जोर असेल तर एकही लागत नाही.

यापेक्षा कानाला जास्त खुपतं ते हे: एकाच परिच्छेदात ‘तिने दार उघडले’, ‘तिनं पाहिलं’, ‘तो म्हणाला’, ‘तो बसतो’. निवेदन ‘उघडले’चं की ‘उघडलं’चं, हे पहिल्या ओळीत ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. दोन्ही बरोबर आहेत. ‘उघडले’मध्ये थोडं अंतर आहे, ‘उघडलं’मध्ये माणूस शेजारी बसून सांगतो आहे. तुमच्या गोष्टीला दुसरं शोभेल असं मला वाटतं. काळाचंही तसंच. मध्येच वर्तमानकाळात जाणं ही मराठी गोष्टीची जुनी रीत आहे, पण ती कारण असेल तेव्हा. तुमच्याकडे काळ बदलतो तो बहुधा दुसऱ्या दिवशी लिहायला बसल्यामुळे.

मालिका लिहिणं हलकं असं मी मानत नाही. हरि नारायण आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि आपल्या कादंबऱ्या त्यात क्रमशः छापल्या. मराठी कादंबरी अशी आठवड्या-आठवड्यानेच मोठी झाली. पण भागाभागाने लिहिणाऱ्याकडे एक वही हवी. पात्रांची वयं, नाती, तारखा, कुणाला काय माहीत आहे. तुमच्या भाग 3 मधली वैशालीची नणंद भाग 13 मध्ये जाऊ झाली आहे. आणि प्रत्येक भाग धक्क्यावर संपवू नका. तुमच्या सोळापैकी तेरा भागांच्या शेवटी फोन वाजतो, दार वाजतं किंवा कुणी किंचाळतं. भाग 8 चा शेवट मात्र वैशाली रात्री दादाने आणलेली पिशवी घडी घालून ठेवते तिथे झाला आहे. मी दोन्ही वेळा तिथे थांबले. मला वाटतं, तुम्ही सगळ्यांत चांगलं लिहिता ते असं, कुणी घाई करत नसताना.

म्हणून कसोटी विचारलीत तर मी वेळ सांगेन. भाग लिहून झाला की निदान आठ दिवस ठेवून द्या. मालिका चालू असेल तर चार भाग हाताशी असल्याशिवाय पहिला टाकू नका, म्हणजे वाचकांच्या घाईने तुमची घाई होणार नाही. मग मोठ्याने वाचा, घरात कुणी नसताना. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा, जिथे स्वतःलाच लाज वाटते तिथे ते काढा. मग दोन जणांना द्या. एक भाषा जाणणारा, एक त्या गावचा किंवा त्या व्यवसायातला. “कसं वाटलं?” विचारू नका, सगळे छानच म्हणतात. “कुठे कंटाळलात? कुठे विश्वास बसला नाही?” असं विचारा आणि ते उत्तर देत असताना मध्ये बोलू नका. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून परिच्छेद लिहून घ्यायचा मोह हल्ली सगळ्यांना होतो. टंकलेखनाच्या चुका दाखवायला ते वापरा, पण भाऊबीजेचं ताम्हण ते तुमच्याऐवजी पाहू शकणार नाही.

दिवाळी अंकांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. बहुतेक अंकांना अप्रकाशित कथा लागते, आणि ऑनलाइन टाकलेली कथा अनेक संपादक प्रकाशितच धरतात. तुमची एखादी कथा आधी ऑनलाइन टाकलेली असेल तर ती केवळ त्यामुळेही परत आली असू शकते. पाठवायच्या कथा वेगळ्या ठेवा, उन्हाळ्यातच तयार करा. दिवाळी तोंडावर आल्यावर संपादकाकडे वाचायला वेळ नसतो. व्यासपीठाच्या अटी वाचा. ध्वनिरूपाचे, भाषांतराचे हक्क कुणाकडे जातात हे त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या कथेवर तुमचा हक्क लिहिल्याक्षणी तयार होतो, त्याला नोंदणी लागत नाही, पण तारखांसकट मसुदे जपून ठेवा. आणि भाग 12 मध्ये तुम्ही एक अख्खं गाणं उतरवलंय ते काढा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. 1977 साली गेलेल्या कवीचे शब्द 2037 संपेपर्यंत त्याच्या वारसांचे आहेत. वैशाली कुठलं गाणं गुणगुणते एवढं सांगितलंत तरी वाचक ते स्वतः ऐकतो.

जुने भाग काढून टाकू नका. लोकांनी ते वाचले आहेत, कुणाला त्यात आई भेटली आहे. पण नवीन काही लिहिण्याआधी भाग 6 आणि 9 पुन्हा लिहा. वर ‘सुधारित’ असं लिहून तारीख घाला, आणि कोऱ्या कागदाची सही काढून वैशालीला अचलपूरला पाठवा. पुढचे भाग त्यामुळे बदलतील, ते बदलू द्या. दोन महिने लागतील. वाचकांना सरळ सांगा की मालिका दोन महिने थांबते आहे. तुमचे वाचक थांबतील असं मला त्यांच्या प्रतिक्रिया वाचून वाटतं. भाग 5 मधला चंद्र मात्र आजच काढा, त्याला दोन मिनिटं लागतात.